नगरकरांनी नापास केलेले वृद्धाश्रम

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले नगरकर हॉटेलात इडली आली की आधी ती चमच्याच्या पाठीने ठोकून बघतात. आवाज पसंत पडला तर खातात, नाहीतर बशी पुढे सरकवतात आणि म्हणतात, "माल परत."

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासनिसाची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर जग तपासायला घेतलं. मुलांनो, मागच्या खेपेला मला भेटायला घरी आलात तेव्हा तुम्ही आणलेला चॉकलेटचा डबा वरची तारीख वाचून तुमच्याच हातात परत देणारे आजोबा ते हेच.

त्यांचा एकुलता एक मुलगा शेखर कॅनडात असतो. आई गेल्यावर तो वडिलांना तिकडे घेऊन गेला. महिन्याभरात नगरकर परत हजर. मी जिन्यात विचारलं, "काय हो, करमलं नाही?"

"देश उत्तम आहे, वहिनी. मालच सदोष निघाला," ते स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले.

यंदा ते बाथरूममध्ये घसरून पडले. हाड वाचलं, पण शेखर धास्तावला. "बाबा, एकटं राहायचं नाही. इकडे या, नाहीतर चांगलासा वृद्धाश्रम बघा," असं त्याने फोनवर बजावलं. नगरकर चक्क कबूल झाले. "तिकडे पोराला झोप नाही. इकडे मी हट्ट कसला करू?"

मग तपासणी सुरू झाली. तपासणीला दुसरी सही लागते म्हणून मलाही नेत.

पहिल्या ठिकाणी त्यांनी आमटी चाखून आचाऱ्याला विचारलं, "डाळ रजेवर आहे का?" दुसरीकडे हास्यक्लब होता; शिट्टी वाजली की सगळ्यांनी हसायचं. नगरकर हसेनात.

"काका, हसा ना," शिट्टीवाल्या बाई म्हणाल्या.

"कारण सांगा."

बाईंनी पुन्हा शिट्टी वाजवली. दोन्ही माल परत.

तिसरा, सिंहगड रस्त्याच्या बाजूचा, मलाही आवडला. नगरकरांनी नळ सोडून पाहिले, गादी दाबली, घंटा वाजवली. घंटा थांबायच्या आत नर्स दारात उभी. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"या खोलीत दुसरा पलंग मावेल?" त्यांनी व्यवस्थापक बाईंना विचारलं.

"कोणासाठी, काका?"

"मुलगा येतो. दोन-तीन वर्षांनी."

"त्यांच्यासाठी गेटजवळ गेस्टरूम आहे. एसी आहे. खोलीत मात्र पाहुण्यांना राहता येत नाही."

नगरकरांनी टोपी नीट केली. "तुमचं सगळं उत्तम आहे. चूक कुठेच नाही," ते म्हणाले आणि बाहेर पडले. कुणाला असं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

रस्त्यावर रिक्षाची वाट बघताना ते म्हणाले, "शेखर आला की त्याला लवकर झोप लागत नाही, वहिनी. अंधारात हळूच विचारतो, 'बाबा, जागे आहात?' मी जागाच असतो. मग पहाटेपर्यंत बोलतो. दिवसा नाही बोलत एवढं." त्यांनी मागे गेटकडे बोट केलं. "गेटजवळून तो कसा विचारणार?"

रिक्षा आली. "कुठं जायचं?" रिक्षावाल्याने विचारलं. नगरकर अजून गेटकडेच बघत होते, म्हणून घरचा पत्ता मी सांगितला.