सातवा बिघाड

फर्नांद दुवाल यांची मोटार चालू होती, आणि परिस्थिती गंभीर होती.

सन १९०५. फ्रान्समधलं बोन शहर जेमतेम दहा कोसांवर आलं होतं. तिथे त्यांच्या सासूबाई नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी सकाळपासून दाराशी उभ्या होत्या. फर्नांद मोटारप्रवासाची पुस्तकं लिहीत, आणि प्रकाशकाच्या करारात कलम होतं : प्रवासात किमान सात बिघाड, स्थानिक महापौराच्या दाखल्यासह. सहा झाले होते. सातवा येता येईना.

"अहो, चालतेय तर चालू द्या की," मांडीवरच्या ओदिलचं टोपडं सारखं करत क्लेमांस म्हणाली. "पोरीचा पहिला वाढदिवस काय दरवर्षी येतो?"

"आणि सातवं प्रकरण कशावर लिहू? द्राक्षांच्या मळ्यांवर?"

पुढच्याच गावात त्यांनी लोहाराच्या दारी मोटार उभी केली. ब्रिसो लोहारानं इंजिनाला कान लावला. "हिला काही झालेलं नाही, साहेब."

"तेच तर दुरुस्त करायचंय!"

ब्रिसोनं हातोडा उचलला. एका घावात काम फत्ते. मग हात धुऊन, तिरंगी पट्टा अडकवून तो पुन्हा बाहेर आला. गावचा महापौरही तोच होता.

"बिघाड नैसर्गिक आहे का?" त्यानं करड्या आवाजात विचारलं.

"अहो, आत्ता तुम्हीच तर..."

"मी नव्हे, लोहारानं. त्याचा जबाब लागेल. तो जेवायला गेलाय, दोनला येईल."

दोन वाजता लोहारानं जबाब दिला, की हातोडा वरून खाली आला. महापौरांनी शेरा मारला, की वरून खाली येणं हे नैसर्गिकच आहे. दाखला मिळाला. तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं : जिल्हा निरीक्षकांच्या पाहणीपर्यंत वाहन हलवू नये. निरीक्षक गुरुवारी येत. आज शुक्रवार होता.

"सहा दिवस!" फर्नांद हरखून ओरडले. "क्लेमांस, दोन प्रकरणं होतील!"

"होऊ देत. आम्ही दोघी निघालो."

"कशानं?"

"आगगाडीनं. तिला पुस्तक लिहायचं नसतं."

पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या. सातवा बिघाड वाचकांनी डोक्यावर घेतला. त्या शुक्रवारी संध्याकाळीच बोनमध्ये आजीचं बोट धरून ओदिलनं पहिलं पाऊल टाकलं. ते कुठेच छापलं गेलं नाही. वाचकांची तशी मागणी नव्हती. तुमची तरी कुठे होती? खरं सांगा, मोटार सुखरूप पोचली असती, तर तुम्ही इथवर आला असतात?