होल्डवर ठेवलेला मासा

आमच्या शेजारचे नाना पोळीची जाडी व्हर्नियरने मोजतात. मी तिखटमीठ लावून सांगत नाहीये. एकदा आम्ही त्यांना हौसेने जेवायला बोलावलं, तर त्यांनी शर्टाच्या खिशातून ते स्टीलचं मापयंत्र काढलं, पोळी त्याच्या जबड्यात धरली, चष्मा कपाळावर ढकलला आणि जाहीर केलं, "दोन पॉइंट चार. मघाची एक पॉइंट नऊ व्हती. सूनबाई, चव झकास हाय, पण व्हेरिएशन लई हाय." सूनबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोने, पुढचे दोन महिने त्यांना पोळी दाखवली नाही.

नाना मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले. शेत कंपनीत गेलं, पाठोपाठ नानाही कंपनीत गेले आणि चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून माल पास-नापास करत राहिले. रिटायर झाले ते फक्त कंपनीच्या हिशेबाने. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेऊन सगळेच येतात; नानांनी वर लाल 'होल्ड' टॅगचा एक गठ्ठा मागून आणला. होल्ड म्हणजे माल संशयित आहे, तपासणी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तेव्हापासून संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कशावर लाल टॅग लटकेल याचा नेम नाही. लिफ्टवर लागला, दुधाच्या पिशवीवर लागला, एकदा सोसायटीच्या अध्यक्षांच्या वार्षिक अहवालावर लागला. अध्यक्ष भडकले, तर नाना शांतपणे म्हणाले, "रिजेक्ट केलं न्हाई साहेब. नुसतं होल्ड केलंय."

मी तळवड्याला सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. त्याबद्दल नानांचं मत एका वाक्याचं आहे : "हाताला तेल लागत न्हाई ते कसलं टेस्टिंग, राव?" मीही त्याचा वचपा काढतो. नानांचे किस्से मी ऑफिसच्या कँटीनमध्ये साभिनय सांगतो आणि लोक चहा सांडेपर्यंत हसतात.

नानांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी पुनावळ्याला नव्या फ्लॅटमध्ये गेला. तो आणि सून दोघंही नोकरीला, म्हणून नातवाला सांभाळायला नानी सोमवारी सकाळी तिकडे जातात त्या शुक्रवारी रात्री परततात. नातवाची फिशटँक मात्र नव्या घराच्या इंटिरियरमध्ये बसेना, ती इथेच राहिली. तिच्यात एकच गोल्डफिश, वाटोळा, केशरी. तुम्ही का नाही जात नानींबरोबर, असं मी एकदा विचारलं, तर टँककडे बोट करून म्हणाले, "आन् हितली लाइन कोण बघनार?"

तर एका मंगळवारी सकाळी, पहिल्या शिफ्टच्या वेळेला, नानांनी आमची बेल दाबून धरली.

"संदीप, चल. ब्रेकडाऊन झालाय."

जाऊन बघतो तर मासा पोट वर करून पाण्यावर तरंगत होता. मी मान हलवली आणि म्हणालो, "गेला, नाना."

"डिक्लेअर करनारा तू कोण? कल्ले हालत्यात, दिसत न्हाई का?"

खरंच हलत होते. टँकवर लाल टॅग आधीच लटकला होता. नानांनी मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पोट बिघडलंय, खाणं जास्त झालंय. तीन दिवस उपास, थोडं थोडं पाणी बदला आणि मग उकडलेला मटार सोलून द्या. नानांनी त्याला ते सगळं लेखी पाठवायला लावलं, मग वहीत उतरवून घेतलं आणि वर कारखान्याच्या पद्धतीने आवृत्तीचा नंबर टाकला, 'रिव्हिजन झिरो'.

टँकशेजारी भिंतीवर तपासणीचा तक्ता लागला. मासा किती उलटा आहे हे 'बराच' किंवा 'थोडा' असं लिहिणं नानांना मान्य नव्हतं. त्यांनी नातवाच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काचेला चिकटवला. सकाळी सात : एकशे सत्तर अंश. दहा वाजता : एकशे सत्तर. एक वाजता : एकशे पासष्ट, पण पुढे कंसात 'मासा हलला, रीडिंग संशयास्पद'. मी तक्त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी ऑफिसात दाखवला. त्या दिवशी कँटीन डोक्यावर घेतलं पोरांनी.

चौकशीही सुरू झाली. खाणं जास्त टाकलं कुणी? पहिला संशय माझ्यावर.

"रैवारी तू आलतास. डबीला हात लावलास का? खरं सांग, मी रागवनार न्हाई."

"नाना, मी चार्जर मागायला आलो होतो!"

मग पुनावळ्याला फोन, तोही स्पीकरवर. "तू आलीस की किती टाकतीस त्याला?" पलीकडून कुकरची शिट्टी आणि नानींचा आवाज एकदमच आला. "मी दोन दिवस घरी असते, त्यात तुमचं करू का माशाचं? डबी कुठं असते तेबी मला ठावं न्हाई!" नानांनी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं, 'साक्ष नोंदवली'.

गुरुवारी मात्र त्यांनी तक्त्यात काही लिहिलं नाही. कोन तसाच होता, कल्ले मंद झाले होते. मी दारातून विचारलं, तर नुसता हात हलवला. मला हसायचं सुचलं नाही. तीन दिवसांत नानांनी दाढी केली नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

शुक्रवारी सकाळी माझ्या बायकोने फ्रीजरमधला मटार उकडला. नानांनी दाणा सोलला, ब्लेडने त्याचे कण केले, कण टूथपिकच्या टोकावर घेतला आणि हात पाण्यात घालून माशाच्या तोंडाशी धरला. मासा ढिम्म. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "घे की रं," नाना पुटपुटले. "एवढं एक घे. माझ्यासाठी घे." आणि माशाने तोंड उघडलं. आम्ही तिघंही टँकवर वाकलो होतो. कण गेला. मग दुसरा गेला.

रविवारी रीडिंग आलं दहा अंश. सोमवारी, नानींना बसमध्ये बसवून आल्यावर, शून्य. मासा सरळ होऊन ऐटीत फिरत होता.

ऑफिसला निघता निघता मी म्हणालो, "काढा आता टॅग."

"असा कसा काढनार? आधी व्हाय-व्हाय क्लोज व्हायला पायजे." व्हाय-व्हाय म्हणजे कारखान्यातला कागद, बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, मुळाशी जायचं. दुसऱ्या माणसाची सही असल्याशिवाय तो बंद होत नाही. नानांनी कागद माझ्या हातात दिला आणि स्वतः फडकं घेऊन काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

मी वाचलं.

मासा उलटा का झाला? – पोटात गॅस.
गॅस का झाला? – खाणं जास्त.
जास्त का झालं? – दिवसात दोनदाऐवजी आठ-नऊदा टाकलं.
कुणी टाकलं, आणि का? – ऑपरेटरने स्वतः. भूक लागली असेल असं वाटलं. (हे कारण खरं नाही.)
मग का टाकलं? – टाकलं की काचेपाशी येतो. सोमवार ते शुक्रवार.

मला फार लाज वाटली. भिंतीला भिंत लागून आम्ही राहतो, आणि मी या माणसाकडे चार्जर मागायला जात होतो किंवा किस्से गोळा करायला.

"सही कर की. येळ काय लावतुयास?" नाना पाठमोरेच म्हणाले.

"उपाययोजनेचा रकाना रिकामा आहे."

"त्येच्यात काय ल्हिवायचं, मला सुचलं न्हाई."

मी पेन काढलं आणि लिहिलं, 'रोज संध्याकाळी सात वाजता शेजारी चहा. जबाबदार व्यक्ती : संदीप. अंमल : आजपासून.' खाली सही केली.

नानांनी कागद घेतला. एवढ्या तीन ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"सूनबाईला इचारलंस?"

"नाही अजून."

"मंग आधी कागदावर कसं आनलंस? प्रोसिजर चुकली तुजी," असं म्हणून त्यांनी टँकवरचा लाल टॅग सोडवला, घडी करून खिशात ठेवला आणि आत निघून गेले.

संध्याकाळी पावणेसातलाच बेल वाजली. नाना दारात उभे होते, गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, "लवकर आलो का?"