कारल्याचा फोटो

निवडणूक जाहीर झाली की आमच्या शेजारच्या दुकानातले दामूभाऊ डोक्यावर हेल्मेट चढवतात. गाडीवर नव्हं, दुकानात! कॉम्प्युटरपुढं, खुर्चीत बसून. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, कुठं निघालात?" तर म्हणतात, "आपण कुठंच नाय. दगड निघतात, ते विचारून निघत नाय."

माझं लेडीज टेलरचं दुकान, त्यांचं फ्लेक्सचं, मध्ये नुसता एक पत्रा. त्यामुळं तिकडचं समदं मला ऐकू येतं. एवढा भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाय. पुढाऱ्याचं नाव म्हणून तोंडातून काढणार नाहीत. प्रत्येकाला एक भाजी नेमून दिलीय. "ताई, भोपळ्याची उद्या आमखास मैदानावर सभा हाय, लवकर घरी जा." मी मुद्दाम मोठ्यानं विचारते, "भोपळा म्हणजे कोण हो?" की लगेच ओठावर बोट. "हळू! भिंतीला कान असतात, फ्लेक्सला डोळे असतात."

फ्लेक्सच्या वरच्या अंगाला पुढाऱ्यांच्या तोंडांची रांग असते ना, ती ते फूटपट्टीनं मोजतात. एकाचं तोंड दुसऱ्याहून सूतभर मोठं झालं तर चौकात डोकी फुटायची. म्हणून छापायच्या आधी नमुन्यावर प्रत्येक फोटोखाली गिऱ्हाइकाची सही. एका लेकराच्या पहिल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यांनी लेकराचा अंगठा घेतलाय. खोटं वाटत असलं तर फाईल बघून घ्या.

आणि अशा माणसाची बायको यंदा महानगरपालिकेला उभी राहिली! आमचा वॉर्ड बायांसाठी राखीव झाला. शकूवहिनी म्हणजे टँकरपुढं आडवी होणारी बाई. आठ-आठ दिवस नळाला पाणी नसलं की रिकामे हंडे घेऊन पाणीपुरवठ्याच्या साहेबाच्या टेबलावर ठेवून येणारी. पक्षानं तिकीट दिलं, पण एक अट घातली. प्रत्येक फ्लेक्सवर कारलं पाहिजे.

कारलं कोण, ते मीबी सांगणार नाय. वाण नाही पण गुण लागतो, तसं झालंय माझं. एवढंच सांगते, त्याच्या एका भाषणानंतर आमच्या चौकात दगड पडले, माझ्या दुकानाची काच गेली, अन् पुढं कितीतरी दिवस मी अर्धं शटर पाडून मशीन चालवलं. अर्धा वॉर्ड त्याला देव मानतो. अर्धा वॉर्ड त्याचं नाव निघालं की दाराची कडी लावतो.

पत्र्याच्या पलीकडं नवरा-बायकोचं दोन दिवस तेच चाललं होतं.

"फोटो लावला तर खालच्या गल्लीची मतं गेली," दामूभाऊ म्हणायचे, "नाय लावला तर पक्षवाले सोडणार नाय."

"तो बोलला ते मी बोलले का?" वहिनी म्हणायच्या. "टँकरपुढं खालच्या गल्लीतली रहीमा खाला माझ्या शेजारी उभी होती. तिच्या दारात मत मागायला जाऊ, अन् डोक्यावर ह्याचं तोंड?"

"अगं, आपण नाय लावला तरी समोरच्या पार्टीनं त्यांच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो लावलाच की! 'ह्या बाईला मत म्हणजे ह्याला मत.' त्याच्या स्वतःच्या पक्षानं कधी लावला नाय एवढा मोठा!"

"त्यांना लावू द्या. माझ्या फ्लेक्सवर मी अन् माझा हंडा. बास."

तसाच फ्लेक्स चौकात लागला. त्या दिवसापासून दामूभाऊंचा फोन वाजला की मीच पत्र्याला कान लावायला लागले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पलीकडं पक्षाचे तिघंजण आले. वहिनी प्रचाराला गेलेल्या. माझा पाय मशीनच्या पायट्यावर होता तो तिथंच राहिला.

"फ्लेक्सवरून साहेबांचा फोटो कुणी काढला?" एकानं विचारलं. आवाज अगदी मऊ. "वहिनींनी?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी काढला," दामूभाऊ म्हणाले. "ती तर लावा लावा म्हणत होती. जागा पुरली नाय."

"जागा?"

"हंडा मोठा झाला."

मला त्या तसल्या वेळी हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला.

"मग नवा छाप. आत्ता."

"मशीन बिघडलंय."

मागं मशीन घर्रघर्र चालूच होतं.

"चालूय की!"

"ते बिघडलेलंच चालतंय."

मग तोच मऊ आवाज. "उद्या सकाळी चौकात साहेब दिसले पाहिजेत. नाहीतर फ्लेक्सबी राहणार नाय अन् दुकानबी नाय."

ते गेले तशी मी पाणी घेऊन धावले. दामूभाऊंना पेला धरता येईना, पाणी समदं शर्टावर. मला रागच आला. "एवढं भेता तर खोटं कशाला बोललात? फोटो नको, हे वहिनींचंच म्हणणं होतं. मी ह्या कानांनी ऐकलंय!"

"तिचं नाव घेतलं असतं तर ते तिच्याकडं गेले असते." त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले. "ताई, हे तिला सांगू नका. माझं रोजचं भेणं तिला ठाऊक हाय, त्याला ती हसती. पण हे कळलं तर फॉर्म मागं घेईल. उद्या तीनपर्यंत घेता येतो."

"घेऊ द्या की मग! जीव तरी थाऱ्यावर राहील."

"लग्नानंतर तिला पिशोरला अंगणवाडीवर नोकरी लागली होती. एकटी एसटीनं जायची, तर मला हितं रोज ताप भरायचा. माझ्यापायी दोन महिन्यांत सोडली तिनं. मला कधी एका शब्दानं बोलली नाय." त्यांनी नाक पुसलं. "तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो."

एवढ्यात वहिनी आल्या. गळा बसलेला, पायांवर धूळ. "कुणी आलं होतं का?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाय, हे अख्ख्या चौकाला माहितीय. मी म्हटलं, "कोण येतंय ह्या उन्हात!"

वहिनी टेकायला स्टूल ओढू लागल्या. दामूभाऊंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"बसू नको," ते म्हणाले. "खालची गल्ली राहिलीय तुझी."