ढोकेभाऊंच्या नऊ खोल्या

मोरेश्वर ढोके आमच्या ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी त्यांनी आधी कम्प्युटरचा माऊस काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तो मॅनेजर काळे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सर, हा जमा करून घ्या. मले लागत नाही."

सरांना वाटलं बिघडला असेल. त्यांनी कपाटातून नवा काढून दिला. ढोकेभाऊंनी तोही तसाच गुंडाळून परत केला.

आमचं ऑफिस म्हणजे लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका गोदामावरचा भाड्याचा हॉल. एका संस्थेने कापूस लावणाऱ्यांना फोनवर सल्ला द्यायचं केंद्र तिथे काढलं होतं. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. कधी बोंडअळी, कधी पानं लाल पाडणारा लाल्या, कधी पावसाची दडी. सकाळपासून फोन वाजत असायचे. आम्ही कानाला हेडफोन लावून बसायचो आणि एकेक खिडकी उघडून उत्तरं द्यायचो. एक खिडकी फोन करणाऱ्याच्या शेताची, एक हवामानाची, एक औषधांची, एक बाजारभावाची. दुपारपर्यंत माझ्या कम्प्युटरवर या खिडक्यांचा ढीग साचायचा. हवी ती नेमकी तळाशी. एकदा तर घाईघाईत वरची खिडकी वाचून मी आर्णीच्या माणसाला वणीचा पाऊस सांगून टाकला होता.

ढोकेभाऊ माझ्या शेजारच्या टेबलावर. त्यांच्या वाट्याला ऑफिसातला सगळ्यात जुना कम्प्युटर आला होता. तो सुरू व्हायचा तोवर आमचा चहा होऊन जायचा. त्यांनी सरांना विचारून त्यातलं सगळं पुसलं, विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं आणि त्यावर टायलिंग विंडो मॅनेजर नावाचं काहीतरी बसवलं. हे नाव मला पुढे पाठ झालं, कारण ते दिवसातून एकदा तरी कानावर पडायचंच.

त्याचा हिशेब असा. पहिली खिडकी उघडली की ती पूर्ण पडदा घेणार. दुसरी उघडली की पहिली आपणहून अर्ध्यावर सरकणार. तिसरी आली की दुसरी आपली अर्धी जागा तिला देणार. फरशा बसवाव्यात तसं. कोणी कोणाला झाकायचं नाही. आणि हे सगळं किबोर्डवरून.

"एकावर एक कायले?" ढोकेभाऊ म्हणायचे. "बाजूले बाजू. सगळ्यायले दिसलं पायजे."

हे वाक्य ते कुठेही वापरत. चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर नवा माणूस आला की ते उठून सगळ्यांना सरकवायचे. "सरका बाप्पा, जागा करा. बाजूले बाजू." सरकणारे शिव्या घालायचे, पण सरकायचे.

एवढ्यानं भागत नव्हतं. त्यांच्या कम्प्युटरला एकाच्या जागी नऊ पडदे होते, दिसायचा एका वेळी एकच. वर्कस्पेस म्हणतात त्यांना. ढोकेभाऊ खोल्या म्हणायचे. पहिल्या खोलीत चालू फोन, दुसरीत हवामान, तिसरीत बाजारभाव, चौथीत औषधं. एक बटण दाबलं की या खोलीतून त्या खोलीत. एखादी खिडकी उचलून दुसऱ्या खोलीत पाठवायचीही सोय होती. फोनवरचा माणूस "पानं लाल पडून राह्यले जी" म्हणेपर्यंत त्यांच्यासमोर डावीकडे शेताची माहिती, उजवीकडे वर हवामान आणि खाली औषध मांडलेलं असायचं. "थांबा हं, बघतो" हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आपली मांडणी ते रोज थोडी बदलायचे, कुठे डावी बाजू जरा रुंद, कुठे खालची पट्टी जरा बारीक, आणि मग मान मागे नेऊन बघायचे.

कधीतरी एखादी आगाऊ खिडकी फरशीत न बसता मधोमध तरंगायची. तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. "पाहा अर्चनाताई, कशी येऊन बसली मंधात. बिनबोलावली पाव्हणी."

मला हे शिकवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. मी एक दिवस बसले, दोन खिडक्या हरवल्या आणि उठले. "तुमी राहा तुमच्या ढिगाऱ्यात," ते म्हणाले आणि त्यानंतर पुन्हा आग्रह केला नाही.

मग पुण्याच्या हेड ऑफिसातून तपासणीला एक मॅडम आल्या. मे महिना होता, पंखे गरम हवा फेकत होते. मॅडम ढोकेभाऊंच्या खुर्चीत बसल्या आणि हात टेबलावर फिरवू लागल्या.

"माऊस कुठे आहे?"

"जमा हाय सरांपाशी."

मॅडमना गंमत वाटली असावी. त्यांनी दोन-तीन बटणं अंदाजाने दाबली. पडदा एकदम कोरा झाला. काळे सर उठूनच उभे राहिले. "गेला! सगळा डेटा गेला!"

"कोठी जात नाही सर," ढोकेभाऊ म्हणाले. "मॅडम सातव्या खोलीत गेल्या. थे रिकामीच हाय." त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. सगळ्या खिडक्या आपापल्या जागी हजर. मॅडम मोकळेपणाने हसल्या. आम्हीही हसलो. तिथवर सगळं ठीक होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम माझ्याजवळ बसून काहीतरी बघत होत्या. शेजारी ढोकेभाऊ हेडफोन लावून बोलत होते. आवाज हलका होता, पण ऐकू येत होता. "भरीत? कोणी आणून देलं वांगं? ... नाही, मी पोळी-भाजी खाल्ली. ... हो, घरीच केली. ... नाही, खोटं कायले बोलू?"

हे आम्हाला नवं नव्हतं. गिरजाबाई नावाची पांढरकवड्याकडची एक म्हातारी रोज दुपारी त्यांचं डोकं खाते, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. बिचारी एकटी असेल, भाऊ ऐकून घेतात, असं आम्ही धरून चाललो होतो. फोन संपायची वाट बघून मॅडमनी विचारलं, "शेतकरी होते?"

"हो मॅडम."

"अडचण काय त्यांची?"

ढोकेभाऊंनी नजर किबोर्डवर नेली. "बोंडअळी."

"मे महिन्यात?"

बाहेर सगळी वावरं नांगरून उघडी पडली होती. मॅडम रागावल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या की लाइन अडकून राहिली की खरी अडचण असलेल्या माणसाचा फोन लागत नाही, तेव्हा हे बंद करा. त्यांचं चुकत होतं असं मलाही म्हणता आलं नाही.

"बरं," ढोकेभाऊ म्हणाले.

आणि त्यांनी बंद केलं. जेवणाची सुट्टी झाली की ते खाली फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. डबा ते आणत नसत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. लोहाऱ्यात एक खोली घेऊन ते एकटेच राहायचे. स्वतःचा मोबाइलही त्यांच्याकडे नव्हता. वडील राजूरच्या कोळसा खाणीत होते, ते वारले. आई त्याच्याही आधी गेली होती.

पेरण्या सुरू झाल्या आणि ढोकेभाऊंना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. काळे सरांनीच रिक्षात घालून त्यांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

त्या आठवड्यात एका दुपारी माझ्या लाइनवर फोन आला. पलीकडे म्हातारा आवाज.

"माहा मोरू कोठी हाय वं?"

"कोण मोरू, आजी?"

"ढोके. मी गिरजाबाई बोलून राह्यली."

मी सवयीने विचारलं, "काय अडचण आहे आजी?"

"मले कायची अडचण? वावर पुतण्या पाह्यते. मोरू रोज दुपारी मले फोन करे. लय दिवस झाले, त्याचा फोनच नाही. म्हणून पुतण्याले म्हटलं, लावून दे."

"तो तुम्हाला करायचा?"

"तर! पुतण्यानं लाल्याचं विचारायले फोन लावलता, तई मी बोलली त्याच्यासंग. बोलता बोलता विचारलं, जेवला का रे बाबू? तं हा गडी बोलेच ना. मले वाटलं फोन कटला. दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला. म्हणे, आजी, जेवलो." मग तिने विचारलं, "बरा हाय ना थो?"

मी बरा आहे म्हणाले. जरा आजारी आहे, पण बरा आहे.

"जेवला का?"

"हो आजी. जेवला."

संध्याकाळी मी मुगाची खिचडी घेऊन दवाखान्यात गेले. ढोकेभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको म्हणाली, "ह्ये भाऊ काहीच खाऊन नाही राह्यले. नर्स बोंबलून थकली."

मी डबा स्टुलावर ठेवला. म्हटलं, "भाऊ, गिरजाबाईंचा फोन आला होता."

भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "काय म्हणे?"

"जेवला का विचारत होत्या."

"मंग? काय सांगतलं तुमी?"

"सांगितलं, जेवला म्हणून."

ते कोपरावर भार देऊन हळूहळू उठून बसले.

"खोलून द्या थो डबा. म्हातारीले खोटं सांगून आल्या तुमी."

तोंडाला चव नव्हती, ते दिसत होतं. प्रत्येक घासाला थांबत होते. पण अर्धी खिचडी त्यांनी संपवली, पाणी प्यायले आणि हात पुढे केला. मी माझा मोबाइल दिला. नंबर त्यांना तोंडपाठ होता.

मी डबा धुवायला नळावर गेले. परत आले तेव्हा ते भिंतीला टेकून बोलत होते. आवाज बारीक झाला होता, पण तक्रार स्पष्ट ऐकू आली.

"हो आजी, आत्ताच जेवलो. खिचडी होती. अर्चनाताईनं आणली. ... बरी होती. मीठ कमी होतं थोडं."