मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मंडळी, मी गाडी चांगली चालवतो. हे वाक्य मी गेली एकोणीस वर्षं सांगतोय आणि अजून कुणी मनावर घेतलेलं नाही. म्हणून यंदा मी सरळ अशी गाडी घेतली की जी स्वतःचं स्वतः बघते. काचेमागे कॅमेरा, नाकात रडार. पुढे काही आलं की ती आपणहून हळू होते, रस्ता मोकळा झाला की आपणहून पळते. शोरूममधला टायवाला म्हणाला होता, "साहेब, तुम्ही फक्त बसायचं." मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घेतो. इतकं गोड वाक्य मला तिथे कधी कुणी ऐकवलेलं नाही.

तर त्या गुरुवारी सासऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. हायवेने दीड तास, आणि अकराच्या आत हजर व्हायचं. त्यानंतर डॉक्टरीणबाई दोन महिने परदेशी जाणार होत्या, आणि मोतीबिंदू इतका पिकला होता की दोन महिने थांबणं म्हणजे डोळ्यावर पाणी सोडणंच होतं. बायको म्हणाली, मी चालवते. मी म्हणालो, तू नको आणि मीही नको, गाडीच चालवेल. तिने माझ्याकडे पाहिलं, रिपोर्टांची फाइल छातीशी धरली आणि मागे जाऊन बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली की ती आता वाद घालत नाही, नुसती वाट बघते.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. मी त्यांच्याकडेच शिकलो, तीनदा नापास झालो आणि त्या येरझाऱ्यांतच त्यांच्या मुलीशी ओळख झाली. ती तिथे नवशिक्यांना रस्त्यावरच्या खुणा शिकवायची आणि स्वतः पहिल्या फटक्यात पास झालेली होती. त्यामुळे आमच्या नात्यात एक विचित्र सोय आहे. घरात मी जावई, म्हणून मास्तर मला 'तुम्ही' म्हणतात. गाडीत बसलो की मी विद्यार्थी, म्हणून 'तू'. दाराचा खटका पडला की मान उतरलाच.

आणि मास्तरांचा उजवा पाय. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. विद्यार्थी भलतीकडे निघाला की तो दाबायचा. एकतीस वर्षं दाबून तो पाय आता कुणाचं ऐकत नाही. बसमध्ये दाबतो, रिक्षात दाबतो, सोफ्यावर बसून टीव्हीत गाड्या पळताना बघितल्या तरी दाबतो. माझ्या जुन्या गाडीत त्यांच्या पायाखालच्या रबरी मॅटला या पायाने भोक पाडलं होतं. मी पन्नासच्या स्पीडने सरळ रस्त्यावर चाललोय, समोर चिटपाखरू नाही, आणि शेजारी हा पाय खाली खाली चाललाय. एकोणीस वर्षं हे बघून माणसाचं काय होत असेल, तुम्हीच सांगा.

त्या दिवशी मात्र मास्तर वेगळेच होते. याआधी दोनदा त्यांनी ऑपरेशन चुकवलं होतं. एकदा सर्दीचं निमित्त करून, एकदा फाइल फ्रीजच्या मागे लपवून. आज गुपचूप बसले होते, पण हात मांडीवर थरथरत होते. स्कूल त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलं ते कंटाळा आला म्हणून, असं आम्ही समजत होतो. खरं म्हणजे पुढच्या गाडीची नंबरप्लेट दिसेनाशी झाली होती आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मोतीबिंदू पिकल्यावर डॉक्टरीणबाईंनी ते त्यांच्याकडून काढून घेतलं.

हायवेला लागलो. मी ऐटीत बटण दाबलं, नव्वदवर स्पीड लावला आणि पाय आखडून घेतले. पाच मिनिटं स्वर्ग होता.

मग रस्त्यावर आडवा एक पादचारी पूल आला. त्याची सावली डांबरावर पडली होती, काळी, आडवी. मास्तरांना ती धूसर दिसली असावी. पाय खाली गेला. आणि त्याच क्षणी, सावलीला भिंत समजून, माझ्या हुशार गाडीने करकचून ब्रेक मारला. आम्ही तिघं पुढे झुकलो आणि मागे आदळलो. मागच्या ट्रकने असा हॉर्न दिला की माझे कान बधिर झाले.

मी स्क्रीनकडे बघतोय. बायको माझ्याकडे बघतेय. मास्तर कुठेच बघत नव्हते, ते विचारात पडले होते.

दोन मैलांवर एक दुधाचा टँकर शेजारून पुढे गेला आणि वळणावर नेमका समोर आल्यासारखा दिसला. त्याची स्टीलची पाठ आरशासारखी लखलखत होती. मास्तरांचा पाय पुन्हा खाली गेला आणि गाडीही, टँकरच्या पाठीत बहुधा स्वतःचंच तोंड बघून, दचकून हळू झाली.

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जे मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"माझ्या बाजूला ब्रेक बसवून घेतलास?"

मी तोंड उघडलं. मागून माझ्या सीटला एक लाथ बसली. मी तोंड मिटलं.

"बोलला नाहीस कधी," मास्तर म्हणाले. "पुढचा फाटा आला की गाडी परत फिरव म्हणणार होतो बघ. आता चल. आता काही वाटत नाही."

आणि त्यांचे हात खरंच शांत झाले होते. मी आरशात बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे पाणावले होते आणि त्याच डोळ्यांनी ती मला बजावत होती की एक शब्द जरी बोललास तर याद राख. आता मला सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? मी म्हणालो, हो मास्तर, म्हटलं तुम्हाला बरं पडेल.

खोटं बोलून चुकलो आणि त्याचं फळ तीन मिनिटांत मिळालं. हायवेला लागून एक कच्चा रस्ता होता. तिथे गुरं जातात म्हणून तीसच्या मर्यादेची पाटी लावली होती. ती पाटी त्या रस्त्यासाठी होती, पण गाडीने ती वाचली आणि आज्ञाधारकपणे नव्वदवरून तीसवर आली! मागून येणारी बस आमच्या डिकीला चाटून बाजूच्या लेनमध्ये गेली, मग आमच्या बरोबरीला आली, आणि काच खाली करून तिच्या ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. त्यात मला ड्रायव्हिंग कुणी शिकवलं, असाही एक प्रश्न होता. मास्तर खिडकीतून म्हणाले, मी.

आता जीव प्यारा होता. पुढच्या पेट्रोलपंपावर गाडी घेतली, मास्तरांना बाथरूमकडे पाठवलं आणि ती यंत्रणा बंद करायला बसलो. स्क्रीनवर एकात एक पानं उघडत गेली. आधी सीट गरम झाली. मग गाडी एका परक्या भाषेत बोलायला लागली आणि मला काहीतरी विचारायला लागली, बहुधा मी कोण म्हणून. दहा वाजून वीस मिनिटं झाली. बायको शांतपणे माहितीपुस्तक वाचत होती. दहा पंचवीसला तिने पुस्तक बंद केलं, हात पुढे केला, स्टीअरिंगच्या डावीकडचं एक बटण तीन सेकंद दाबून धरलं आणि यंत्रणा बंद झाली. पुस्तकात पुढे आणखी काहीतरी लिहिलंय, असं ती सांगत होती. मी म्हणालो, पुढचं नंतर, उशीर होतोय.

खरा घोळ आता सुरू झाला. गाडी आपणहून थांबणार नव्हती. पण मास्तर तर दाबणार! आणि दाबूनही काही झालं नाही तर त्यांना कळणार, की ब्रेक नाही, जावयाने फसवलंय, आणि मग पुढच्या फाट्यावरून सरळ घर. मी गाडी चालवू की त्यांच्या पायाकडे बघू? शेवटी बायको दोन सीटांच्या मधे सरकून बसली. मास्तरांचा पाय हलला की ती माझ्या खांद्यावर टिचकी मारणार. एक टिचकी, हलका ब्रेक. दोन टिचक्या, जोरात.

मंडळी, त्या अर्ध्या तासात माझ्या खांद्याचा तबला झाला. मास्तर पुलाच्या सावलीला दाबायचे, कावळ्याला दाबायचे, दूरवरच्या जाहिरातीतल्या हसणाऱ्या बाईला दाबायचे. गाडी ज्या ज्या गोष्टींना घाबरत होती त्या सगळ्यांना मास्तरही घाबरत होते, वर स्वतःच्या काही खास गोष्टी होत्या. मधूनच, काही नसतानाही, नुसती गंमत म्हणून ते हलकेच दाबून बघायचे आणि गाडी हळू झाली की समाधानाने मान हलवायचे. म्हणाले, ब्रेक छान आहे, जरा उशिरा लागतो एवढंच. मी म्हणालो, सर्व्हिसिंगला सांगतो. पाठ भिजली होती, पोटरीत गोळा आला होता, आणि ऑफिसातली ती तक्रारींची खिडकी मला पहिल्यांदाच आठवून हवीहवीशी वाटली.

अकराला चार मिनिटं कमी असताना पोचलो. मास्तर एकटेच ताठ चालत आत गेले. मी पार्किंगमध्ये स्टीअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिलो.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. मास्तरांनी आधी नर्सच्या बिल्ल्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, मग मुलीकडे बराच वेळ पाहत राहिले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचे केस पार गेले हो." काळा चष्मा चढवून ते गाडीत बसले, सवयीने पाय पुढे टाकला आणि खाली पाहिलं. चष्मा नाकावर ओढून पुन्हा पाहिलं.

खाली नवीकोरी रबरी मॅट होती. बाकी काही नाही.

"इथे ब्रेक नाही."

"नाही, मास्तर."

"मग काल थांबवत कोण होतं?"

"आधी गाडी," मी म्हणालो. "नंतर मी."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी, बाबा," मागून बायको म्हणाली. "कावळ्याला पण."

हॉस्पिटलचं फाटक गेलं, सिग्नल गेला, हायवे लागला. मग मास्तरांनी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"चालवा तुम्ही," ते म्हणाले.

तुम्ही! गाडीत! एकोणीस वर्षांनी! मी नीट बसलो, दोन्ही हात स्टीअरिंगवर, आरसे पाहिले, नव्वदचा स्पीड धरला. रस्ता क्षितिजापर्यंत मोकळा होता. शेजारी मास्तर मांडी घालून नव्या डोळ्याने झाडं बघत होते. आयुष्यात इतकी सुंदर गाडी मी कधी चालवली नव्हती, आणि कालचा तो पादचारी पूल समोर दिसला तेव्हा मला त्याच्याबद्दलसुद्धा प्रेम वाटलं.

गाडी बंद करून पुन्हा चालू केली की यंत्रणा आपोआप परत सुरू होते. पुस्तकात पुढे हे लिहिलं होतं.

सावली आली आणि गाडीने करकचून ब्रेक मारला. फाइल डॅशबोर्डवर आपटली, मास्तरांची मांडी सुटली, चष्मा एका कानाला लोंबकळला. त्यांनी नव्या डोळ्याने समोर पाहिलं. कोरा रस्ता. कावळासुद्धा नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही, मास्तर," मी म्हणालो. "गाडी..."

"बाजूला घे," मास्तर म्हणाले. "तू मागे बस."

बायको पुढे आली, ते बटण तीन सेकंद दाबून धरलं आणि निघाली. घरापर्यंत मास्तरांचा पाय एकदाही हलला नाही. माझा मात्र प्रत्येक पुलाला हलत होता. मागच्या सीटखाली ब्रेक नसतो हे मला माहीत आहे. तरी मी दाबत होतो.