दोनदा थोपटावे

सोफ्याच्या पोटातून जे निघेल ते गिऱ्हाइकाला परत द्यायचं, हा माझ्या दुकानाचा नियम. गाद्या शिवणं आणि जुने सोफे उसवून नवे करणं हा माझा धंदा. सोफ्याच्या फटीत माणसं काय काय हरवतात ते मला विचारा. कंगवे, पेनांची टोपणं, चष्मे. एकदा वरच्या दातांची कवळी निघाली. त्या घरातल्या सगळ्यांनी 'आमची नाही' म्हणून सांगितलं. (आजोबांनीही सांगितलं. फक्त तोंडावर हात धरून.)

हा नियम मी एकदाच मोडला. एका तपकिरी सोफ्यातून एक पुस्तक निघालं. ते मी परत केलं नाही.

त्याला कारण होतं. आदल्या दिवशी मी दुकानात पडलो होतो.

पडलो म्हणजे फोमच्या थरावर पडलो. हा फोम मुलाने आणलेला. कापसाची गादी माणसाला धरून ठेवते, फोम माणसाला गिळतो. हात टेकावा तर हात आत, कोपर टेकावं तर कोपर आत. लागलं काही नाही, पण उठताही येईना. उलट्या झालेल्या कासवासारखा छताकडे बघत पडून राहिलो. आमचं घर वर, दुकान खाली. जेवायला आलो नाही म्हणून मुलगा बघायला उतरला. त्याने काखेत हात घालून मला उभं केलं. तेव्हा मात्र लागलं.

संध्याकाळी घरात विषय निघालाच.

"बाबा, आता पुरे. दुकानाची किल्ली माझ्याकडे द्या."

"चालता माणूस पडतोच."

"पडण्याचं काही नाही हो, बाबा," सून म्हणाली. "उठण्याचं काय? आज हे घरी होते. उद्या कोणी नसलं तर?"

सुनेला मी उलट बोलत नाही. (ती बरोबर बोलते, ही अडचण आहे.) पण जीभ ऐकेना.

"रविवारी सगळे खाली या. त्याच फोमवर आडवा होतो आणि माझा मी उठून दाखवतो. नाही उठलो तर किल्ली तुमची."

बोलून गेलो खरा. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. मी वरून हात लावून पाहिली. दुकान गेलं की मी म्हणजे घरातली एक खुर्ची. येणारा-जाणारा बाजूला सरकवणार.

अशा वेळी ते पुस्तक हाती आलं. अर्धं कव्हर फाटलेलं. मधलंच पान उघडलं, तर वर ठळक ओळ होती: 'जमिनीवर पडणे म्हणजे हरणे नव्हे. लढाई तिथून सुरू होते.'

मी स्टुलावर बसलो. जन्मात पहिल्यांदा एखादं पुस्तक माझ्याशी बोललं होतं.

ती ब्राझिलमधली कुस्ती होती. जिउ-जित्सू. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जोडाक्षर आलं की मी थांबतो, श्वास घेतो, मग पुढे जातो. पुस्तकाचं म्हणणं असं, की अशक्त माणूसही पाठीवर पडल्या-पडल्या दांडगटाला भारी पडू शकतो आणि स्वतः उठू शकतो. मला दांडगट नको होता. मला शेवटचं तेवढं हवं होतं. पण कामाला हात घातला की मधूनच शिवायला घ्यायचं नाही, ही माझी सवय. सुरुवातीपासून सगळं करायचं ठरवलं.

(सुरुवातीपासून म्हणजे 'नियम व सूचना' ही पहिली पानं सोडून. गाद्या मी कोणाच्या सूचना वाचून शिवल्या नाहीत.)

चित्रं भरपूर होती. पण त्यातली ती दोन तरुण माणसं एकमेकांत अशी गुंतलेली, की कोणाचा पाय कुठला ते कळेना. मग मी कापड आखायचा खडू घेतला. एकाचे हातपाय निळे केले, दुसऱ्याचे लाल. तरी एक लाल पाय जास्तीचा उरला. तो मी सोडून दिला.

पुढची अडचण प्रतिस्पर्ध्याची. दर पानावर प्रतिस्पर्धी. तो आणायचा कुठून? मी गादीवाला माणूस. शिवला. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा मोठा लोड घेतला, त्याला दोन हात आणि दोन पाय जोडले, आत कापूस ठासून भरला. डोकं लावणार नव्हतो. पण डोक्याशिवाय मान कुठे धरायची, म्हणून तेही लावलं.

लोडाशी मी रोज लढू लागलो. त्याला पायांची कैची घातली, बगलेत मुंडी धरली, आवळली. लोड हूं का चूं करत नसे. मी रोज जिंकत असे.

एकदा बायको चहा घेऊन खाली आली. मी जमिनीवर, आणि माझ्या पायांच्या कैचीत पट्ट्यापट्ट्यांचा माणूस.

"अहो! कोण आहे तो?"

"कोणी नाही."

"मग धरलंय कशाला त्याला?"

"ऑर्डर आहे. गिऱ्हाइकाला असाच लोड हवाय."

तिने चहा स्टुलावर ठेवला. खाली वाकून त्याच्या खांद्याची शिवण पाहिली.

"टाका छान पडलाय. डोळे नाही लावले ते बरं केलंत," म्हणाली, आणि वर निघून गेली.

जिंकत होतो खरा. पण उठण्याचा डाव काही जमेना. एक हात मागे टेकायचा, एक पाय उभा ठेवायचा, कंबर उचलायची, दुसरा पाय खालून मागे न्यायचा आणि उभं राहायचं. नुसत्या फरशीवर कण्हत-कुथत जमलं. फोमवर हात टेकला की हात आत. खिसा चाचपत मी दिवस ढकलत होतो. जेवण जाईना. सून म्हणाली, "बाबा, तब्येत बरी नाही का?" मी म्हणालो, "ठणठणीत." बोलताना घासच अडकला.

शनिवारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरी केली. धावत्या बसमध्ये काही न धरता उभा राहायचा, आणि तेव्हापासून उभं राहण्याच्या बाबतीत स्वतःला शहाणा समजतो. आजवर माझ्या एकाही कामाला त्याने बरं म्हटलेलं नाही. मी फोमवरची धूळ झाडत होतो, तेवढ्यात त्याने पुस्तक उचलून चाळलं.

"भाऊजी, लोडाशी काय लढता? लोडाला जीव कुठे आहे? जिवंत माणूस पाहिजे."

"मग हो आडवा."

झाला. मी त्याला पायांची कैची घातली, मुंडी बगलेत घेतली. पुस्तकात होतं तसं. निळा निळ्याच्या जागी, लाल लालच्या जागी. पकड बसली, आणि मेहुण्याने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं.

मला भरून आलं. इतक्या वर्षांनी शाबासकी! मी आणखी आवळलं.

त्याने पुन्हा थोपटलं. जोरात.

"पुरे रे," मी म्हणालो. "एवढं काही कौतुक नको." पण पकड ढिली केली नाही. कौतुक चालू असताना काम थांबवू नये.

मग तो फरशीवर हात आपटू लागला. मला वाटलं, टाळ्या. त्याच्या तोंडातून फुटक्या शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा बायको धावत खाली आली.

"अहो, सोडा त्याला! लालबुंद झालाय!"

"शाबासकी देतोय तो मला!"

"शाबासकी देताना कोणाचे डोळे असे बाहेर येतात?"

मी सोडलं. म्हणजे हात सोडले. पाय सुटेनात, कंबर धरली होती. बायकोने एकेक पाय धरून आम्हाला वेगळं केलं, गुंतलेला दोरा सोडवावा तसं.

"पहिलं पान..." मेहुणा मान धरून म्हणाला. "पहिलं पान वाचा, भाऊजी!"

बायकोने पुस्तक उचललं आणि मोठ्याने वाचलं: "'हार मान्य असल्यास प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दोनदा थोपटावे. थोपटताच पकड तत्काळ सोडावी.'" मग माझ्याकडे पाहिलं. "नियम चांगला आहे," म्हणाली.

रविवार उजाडला. मुलगा, सून, बायको खाली आले. मेहुणा गळ्याला मफलर गुंडाळून आला आणि खुर्ची घेऊन पुढे बसला. लोडाला मी कोपऱ्यात बसवलं होतं. आपलं म्हणावं असं तेवढंच कोणीतरी.

फोमवर आडवा झालो. हात मागे टेकला. गेला आत. मूठ करून टेकला. गेला. पाय उभा केला, टाच गेली. वर तेच छत. खुर्चीत बसलेला म्हातारा मी मला दिसू लागला.

"बाबा, हात देऊ का?" मुलगा पुढे झाला.

"खबरदार!"

तेवढ्यात एक चित्र आठवलं. पाठीवर पडलेल्याने अंग आखडून, कंबर मागे फेकत, कोळंबीसारखं सरकायचं. पुस्तकात त्या डावाला कोळंबीच म्हटलं होतं. मी कुशीवर झालो, अंग आखडलं आणि सरकलो. पुन्हा आखडलं, पुन्हा सरकलो.

"बाबा, काय होतंय तुम्हाला?"

"कोळंबी," मी दातओठ खात म्हणालो.

मुलगा सुनेकडे वळला. "कोळंबी म्हणतायत."

"आत्ता? घरात कुठे आहे?"

"अगं, त्यांना भ्रम होतोय! डॉक्टरांना बोलाव!"

मी तोवर फोमच्या कडेला पोचलो होतो. हात फरशीवर टेकला. तो काही आत गेला नाही. पाय उभा केला, कंबर उचलली, दुसरा पाय खालून मागे नेला. गुडघ्याने बंदुकीसारखा आवाज काढला. आणि मी उभा राहिलो.



"फोम सोडला!" मेहुणा ओरडला. "फोमवरून उठायचं ठरलं होतं!"

"उठले ना, मामा?" सून म्हणाली. "आपले आपण उठले. झालं." तिचे डोळे ओले झाले होते. मुलाने मान खाली घातली. "किल्ली तुमचीच, बाबा," म्हणाला.

मी रुबाबात खिशाला हात लावला.

खिसा रिकामा.

किल्ली पायापाशी फरशीवर पडली होती. कोळंबी होताना निसटली असणार. मी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि गुपचूप तिच्यावर पाय ठेवला.

"चला वर, बाबा. चहा घेऊ," मुलगा म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. मी जरा दुकान बघतो."

सगळे वर गेले. मी दुकान बघत उभा राहिलो. दुकान बघून झालं. मग लोडाकडे बघत उभा राहिलो. तो काही उठून येईना.

शेवटी बायको खाली आली.

"चहा गार झाला. पाय उचला."

"कशाला?"

"मी समोरच उभी होते हो. पडताना पाहिली मी ती."

ती जवळ आली आणि खांदा पुढे केला.

"दोनदा थोपटा. लगेच उचलते."

मी जिन्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. थोपटलं.

तिने वाकून किल्ली उचलली, पुसली आणि स्वतःच्या कमरेला खोचली.

दुकान आजही मीच चालवतो. फक्त रोज सकाळी किल्ली मागावी लागते, आणि ती काही न बोलता खांदा पुढे करते. ते पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तिने फक्त पहिलं पान वाचलं.