इवाओच्या गाडीचे पिवळे दिवे

"अरे इवाओ, उद्या तपासणारे साहेब विचारतील, ही मोतीबिंदूवाली म्हातारी कोणी आणली म्हणून," तोकुजी म्हणाला आणि पाटाच्या सफाईला आलेलं सगळं गाव खो खो हसलं.

इवाओच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याचा छोटा पांढरा ट्रक याच आठवड्यात सरकारी तपासणीत नापास झाला होता. पुढच्या दिव्यांचं प्लास्टिक इतकं पिवळं आणि धुरकट झालं होतं, की उजेड बाहेर यायलाच तयार नव्हता. उद्या मुदतीचा शेवटचा दिवस. उद्याही नापास झाला तर ट्रक रस्त्यावर काढता येणार नाही, आणि परवापासून संत्र्यांची तोडणी. डोंगरावरची संत्री काय डोक्यावरून उतरवायची? आणि हसतंय कोण, तर हा तोकुजी! याचा ट्रकही तसाच छोटा पांढरा, इवाओनंतर वर्षभराने त्याच दुकानातून घेतलेला. दिवेही तितकेच पिवळे. फक्त त्याची तपासणी पुढच्या वर्षी होती, म्हणून हा माज.

"तपासणी दिव्यांची असते, तोंडाची नसते, म्हणून तू अजून रस्त्यावर आहेस," इवाओ म्हणाला. फावडं मागे भिरकावून तो ट्रकमध्ये बसला आणि निघाला. या गावात किल्ली ट्रकलाच असते. काढून खिशात घातली तर शेजाऱ्यांवर संशय घेतल्यासारखं होतं.

घरी आल्या आल्या त्याने बादली, पॉलिश पेपर आणि काल आणलेली लेपाची बाटली काढली. दिव्यांच्या कडेने टेप चिकटवली. त्याची बायको फुसाए बाहेर आली.

"अहो, ऐका ना, ही गाडी..."

"गाडीबद्दल एक अक्षर बोलू नकोस. गावाने आज पोटभर ऐकवलंय."

आधी जाड कागद, मग बारीक, मग आणखी बारीक. पाणी मारत तो घासत होता आणि दिव्यांवरून पिवळट दुधासारखं पाणी ओघळत होतं. प्रत्येक हाताबरोबर तोंडातून तोकुजीचा उद्धार चालला होता. फुसाए चहा घेऊन आली.

"अहो, आत तो चष्मा..."

"माझा चष्मा माझ्या नाकावर आहे. जा तू."

ती गेली नाही. चहा खाली ठेवून पायरीवर बसली आणि बघत राहिली. इवाओने लेपाचे दोन हात दिले, बाटली पार रिकामी केली. दिवे असे झाले, की त्यात त्याला स्वतःचा लाल चेहरा दिसायला लागला.

"बघ. आता येऊ दे त्या तोकुज्याला."

"येईलच. त्याचीच गाडी आहे ही."

इवाओने नंबरपाटी पाहिली. मग काचेतून आत पाहिलं. समोरच तोकुजीचा चष्मा पडला होता. त्याने जाड कागद उचलला.

"परत खरवडून ठेवतो."

"खरवडा ना. आणि मग गावाला सांगा, मला माझी गाडी ओळखता येत नाही म्हणून."

कागद बादलीत पडला. लेप संपलेला, दिवस कलायला आलेला, आणि उद्याची तपासणी डोक्यावर. निदान तोकुजीने नेलेली स्वतःची गाडी तरी गुपचूप बदलून आणावी म्हणून तो त्याचा ट्रक घेऊन तोकुजीच्या अंगणात शिरला, तर तोकुजीची बायको योशिए दारातच उभी. दिवे पाहून ती कमरेत वाकली.

"इवाओ-सान, एवढं भांडण होऊनही आमच्या गाडीचे दिवे घासलेत? किती हो मोठं मन तुमचं."

मागून तोकुजी आला. दिव्यांकडे बघतच राहिला. "हे कशाला केलंस तू?"

खरं सांगायची सोय नव्हती. "तुझेही पिवळेच होते. बघवेना," इवाओ पुटपुटला.

तोकुजीच्या चेहऱ्याचा रंग बदलला. या गावात कोणी मुळा दिला तरी त्याची परतफेड होईपर्यंत घास उतरत नाही. तोकुजीला शिवी चालली असती, उपकार चालत नव्हता.

"माझी गाडी दे, मी जातो," इवाओ म्हणाला.

"जातोस कसा? उपकार करून पळतोस? हलकटा, थांब इथेच."

त्याने सुनेला तिची गाडी काढायला लावून लेप आणायला शहरात पिटाळलं, आणि दात-ओठ खात इवाओच्या ट्रकचे दिवे घासायला बसला.

"गोल काय घासतोस? आडवं घास."

"मला शिकवू नकोस."

"पाणी मार, पाणी. जळतंय ते प्लास्टिक."

"तुझं तोंड आवर, नाहीतर तेच घासीन."

सून लेप घेऊन आली, लेप लागला, वाळला, तरी दोघांच्या शिव्या संपल्या नव्हत्या. योशिएने आणलेला चहा दोघांनी एकमेकांकडे पाठ करून प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इवाओ परत आला तो दार आपटतच. फुसाए हातातलं काम टाकून बाहेर आली.

"नापास झाली का?"

"पास झाली. साहेब म्हणाले, नवीन दिवे बसवलेत का."

"मग तोंड का असं?"

"अगं, मी त्याचे घासले त्याच्यापेक्षा त्याने माझे चांगले घासलेत. मुद्दाम. मला खाली बघायला लावायला." तो अंगणात येरझाऱ्या घालत होता. "आता याची फेड कशी करू? संत्री द्यावीत तर त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त."

तो एकदम थांबला.

"काय गं, त्याच्या सुनेच्या गाडीचे दिवे पिवळे आहेत ना?"

"थोडेसे."

"थोडेसे चालतील," इवाओ म्हणाला आणि बादली शोधायला गेला.